पेशंट कुठं निघाला होता?

बाळ, तुझी बदली रिहॅब वॉर्डला झाली म्हणून परवा फोनवर तू जरा खट्टू वाटलीस. "आत्या, आयसीयूत शिकायला मिळायचं. इथं काय, व्यायाम आणि जेवणं बघायची," असं म्हणालीस. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आयसीयूतला पेशंट सहसा पलंग सोडत नाही. रिहॅबमध्ये पलंग सोडायला आपणच त्याला शिकवतो. अर्धांगाचा झटका आलेला, खुब्याचं ऑपरेशन झालेला, पाय कापावा लागलेला, मणक्याला मार बसलेला माणूस इथं येतो तो पुन्हा उभं राहण्यासाठी. उभं राहायला शिकणाऱ्याला पडण्याची भीती असतेच. त्यामुळे कोण, केव्हा, कशानं पडेल हे आधी ओळखणं, हे या वॉर्डातलं नर्सिंगचं पहिलं काम. नोकरीच्या ३१ वर्षांपैकी १४ वर्षं मी याच कामात काढली. जे शिकले त्यातलं बरंचसं कुणी ना कुणी मला दिलेलं आहे. तेच आता तुझ्या हाती देते.

पहिला धडा

रिहॅबमधलं माझं पहिलं वर्ष. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, डावी बाजू गेलेली. भरती होतानाच मी त्यांचा पडण्याच्या धोक्याचा फॉर्म भरला होता. गुण जास्त आले म्हणून हाताला पिवळी पट्टी बांधली, पलंगाचे कठडे वर केले, नातेवाइकांची सही घेतली. कागद चोख होता. नवव्या दिवशी, माझ्याच रात्रपाळीत, पहाटे साडेचारच्या सुमारास धप्प आवाज आला. काका पलंग आणि संडासाच्या दाराच्या मध्ये फरशीवर पडलेले. बायको पलंगाशेजारी चटईवर झोपली होती, तिला उठवायचं नाही म्हणून ते पायथ्याकडून सरकत, कठड्याला वळसा घालून उतरले होते. खुबा मोडला. परत हाडांच्या वॉर्डात, परत ऑपरेशन.

सकाळी आमच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. आता ओरडा बसणार म्हणून मी उभी होते. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "काका कुठं निघाले होते?" मी म्हणाले, "लघवीला असतील." "रोज याच वेळी जातात का? कालपासून उभं राहायला लागलेत, हे रात्री पाळी सोपवताना, ओव्हरमध्ये, सांगितलं होतं का? बायकोला हाक मारायला का लाजले?" एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या फॉर्ममध्ये गुण होते, पण माणूस नव्हता. त्या म्हणाल्या, "पेशंट नुसता पडत नाही गं. तो कशासाठी तरी निघतो आणि वाटेत पडतो. कुठं निघणार आहे ते तुला त्याच्या आधी कळलं पाहिजे." पुढं लिहिलेलं सगळं या एका वाक्यातून आलं आहे.

फॉर्म भर, पण त्याला ओळखूनच

तुमच्याकडे बहुधा मोर्स स्केल असेल. जॅनिस मोर्स या परिचारिका-संशोधिकेनं कॅनडात १९८०च्या दशकात ते तयार केलं. त्यात सहा प्रश्न. आधी पडलाय का, याला २५. एकाहून जास्त आजार, १५. काठी किंवा वॉकर असेल तर १५, टेबल-खुर्ची धरत चालत असेल तर ३०. सलाईन किंवा इंजेक्शनची सुई लावलेली, २०. चाल कमजोर असेल तर १०, बिघडलेली असेल तर २०. स्वतःच्या ताकदीचा अंदाज चुकत असेल, तर १५. एकूण १२५. पुष्कळ ठिकाणी ४५च्या वर गेलं की धोका मोठा धरतात.

आता आपल्या वॉर्डातला अगदी साधा पेशंट घे. झटका आला, शिवाय शुगर आहे, १५. हातात वॉकर, १५. पाय ओढत चालतो, २०. झाले ५०. कधी पडलेला नाही, डोकं ठिकाणावर आहे, तरी तो ४५च्या वर. म्हणजे वॉर्डात जवळजवळ सगळ्यांनाच पिवळी पट्टी. आणि सगळ्यांनाच पट्टी असली की ती कुणाच्या डोळ्यात भरत नाही. उलट व्हीलचेअरवाल्याला साधनाच्या प्रश्नात शून्य मिळतो, आणि ब्रेक न लावता उठायला जाऊन तोच खाली बसतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं तर २०१३ साली आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं, की गुणांवरून कोण पडेल याचं भाकीत करत बसू नका. रुग्णालयात भरती असलेला ६५च्या पुढचा प्रत्येक जण पडू शकतो असंच धरा, आणि त्या-त्या माणसाचं कारण शोधा.

म्हणून फॉर्म मन लावून भर, तो नियम आहे आणि त्यातला प्रत्येक प्रश्न कामाचा आहे. पण बेरजेखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिही: हा पेशंट काय करायला जाताना, किती वाजता, कोणत्या बाजूला पडेल. 'पहाटे लघवीला, डावीकडे, वॉकर न घेता.' 'जेवणानंतर खुर्चीतून पलंगावर, ब्रेक विसरून.' अशी ओळ लिहिता आली नाही तर समज, पेशंट अजून बघून झालेला नाही.

"जाईन की, त्यात काय!"

मोर्सचा सहावा प्रश्न घाईत सुटतो. पेशंट शुद्धीवर आहे, नाव-गाव सांगतो, म्हणून आपण शून्य टाकून मोकळ्या होतो. तो प्रश्न त्याच्या शुद्धीबद्दल नाही. माणसाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज खरा आहे का, हे त्यात विचारलंय. सरळ विचारायचं, "काका, संडासला एकटे जाल का?" "जाईन की, त्यात काय!" असं उत्तर आलं आणि फिजिओनं तर दोन माणसांच्या आधारानं उठवायला सांगितलंय, तर या दोन्हींतलं अंतर हाच धोका. "नाही गं, मला धरावं लागेल," म्हणणारी आजी त्या मानानं सुरक्षित असते.

मेंदूच्या उजव्या भागाला झटका आलेल्यांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघ. त्यांची डावी बाजू जाते आणि पुष्कळदा ती गेल्याचं त्यांना जाणवतच नाही. बोलणं शाबूत, गप्पा मारतात, म्हणून नातेवाइकांना वाटतं माणूस ठणठणीत आहे. हे ओळखायला मी ताट बघायचे. घरून डबा आला की आपल्या पद्धतीनं वाढलेलं ताट त्यांच्यापुढं ठेवायचं. उजवीकडची भाजी-आमटी संपलेली, पोळी संपलेली, आणि ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू, तशीच न शिवलेली. विचारलं तर म्हणणार, "वाढलंच नाहीत." दाढीही उजव्या गालाची होते, डावा गाल खरखरीत राहतो. ज्याला ताटाची डावी बाजू दिसत नाही, त्याला दाराची डावी चौकट आणि व्हीलचेअरचा डावा ब्रेकही दिसणार नाही. घंटा आणि पाणी त्याच्या उजव्या हाताला ठेव, आणि हे ओव्हरमध्ये बोलून सांग.

"चक्कर येते का?" एवढं विचारून भागत नाही

आपले लोक सगळ्याला चक्करच म्हणतात, म्हणून पुढचा शब्द काढून घ्यायचा. "डोळ्यांपुढं अंधारी येते" म्हणाले, तर उठल्यावर बीपी घसरत असण्याचा संशय घे. "गरगरतं, छत फिरतं" म्हणाले, तर कान किंवा मेंदूकडे लक्ष जाऊ दे आणि डॉक्टरांना तेच शब्द सांग. "पाय लटपटतात, पायात बळ नाही" हे वेगळं. "घाम सुटतो, हात थरथरतात" म्हटलं की आधी शुगर बघ.

बीपी झोपवून घे, मग बसवून, मग उभं करून. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० उतरलं, तर ते डॉक्टरांना कळवायचं. महिनाभर आडव्या पडलेल्या, मणक्याला मार बसलेल्या, पार्किन्सन्सच्या आणि जुन्या मधुमेहाच्या पेशंटमध्ये हे फार सापडतं. त्यांना एक सवय लावून दे: जाग आली की पलंगावर उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, घोटे वर-खाली हलवायचे, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर क्षणभर थांबून मगच पाऊल टाकायचं.

चालताना कुठं बघशील

खुर्चीतून उठून तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, ही चाचणी तू शिकलीच असशील. १२ सेकंदांहून जास्त लागले तर काळजीचं कारण असतं. आपल्या वॉर्डात बहुतेकांना त्याहून जास्त लागतात, म्हणून घड्याळापेक्षा पावलं बघ. उठताना पहिल्या झटक्यात उठला, की दोनदा मागं पडून तिसऱ्यांदा? वळताना एका दमात वळला, की जागच्या जागी बारीक पावलं टाकत? बसताना मागं खुर्ची आहे याची चाचपणी केली, की धाडकन बसला? मी पाहिलेले बरेच जण सरळ चालताना पडले नाहीत. ते वळताना पडले, नाहीतर बसताना.

आणखी एक युक्ती. पेशंट चालत असताना सहज विचार, "आज नाश्त्याला काय होतं?" चालता चालता "उपमा" म्हणाला तर ठीक. थांबला, तुझ्याकडे वळला आणि मग उत्तर दिलं, तर त्याला चालायलाच सगळं लक्ष लागतंय असं समज. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली हेच मांडलं होतं, की बोलताना जे थांबतात ते पुढं जास्त पडतात. अशा पेशंटला चालताना फोन देऊ नको, आणि नातेवाइकांनाही सांग, की त्यांना धरलंत की गप्पा नकोत.

तोल बघायला फिजिओ बर्ग स्केल करतात. त्यात १४ कामं असतात आणि एकूण ५६ गुण. त्यांना नुसते गुण विचारू नको, कुठं गेले ते विचार. मागं वळून बघताना तोल गेला, की जमिनीवरची वस्तू उचलताना? दुसरं असेल तर चप्पल, चष्मा, काठी यांतलं काहीही त्याच्या पलंगाखाली राहता कामा नये.

लघवी, लाज आणि गोळ्या

रात्रीची पडझड बहुतेक संडासाच्या वाटेवर होते. त्यामुळे प्रत्येकाचं लघवीचं वेळापत्रक तुला पाठ हवं. प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? त्यातल्या काही गोळ्या बीपीही उतरवतात. लघवीची गोळी संध्याकाळी उशिरा लिहिली असेल तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचार. झोपेची गोळी, फिटची गोळी, स्नायूंचा ताठरपणा घालवणारी गोळी, यातलं काहीही नवीन सुरू झालं किंवा डोस वाढला, की त्या रात्री तो पेशंट नव्यानं बघायचा. पोट साफ होण्याचं औषध दिलं असेल तर भांडं जवळ ठेवून मगच निघायचं. घाईची लागलेला माणूस घंटा वाजवून वाट बघत नाही.

ज्या दिवशी कॅथेटर निघतो, त्या दिवसावर लाल खूण कर. आदल्या दिवशीपर्यंत संडासला जायचं कारण नव्हतं, आजपासून दर दोन तासांनी आहे.

आणि लाजेबद्दल विचार. हा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये नाही. सासऱ्याजवळ सून राहिलेली असते. तो तिला भांडं द्यायला सांगेल का? तुझ्यासारख्या तरुण सिस्टरला सांगेल का? सांगणार नाही, तो भिंत धरून एकटा निघेल. तेव्हा बाजूला घेऊन हळू विचारायचं, "रात्री लागलं तर कुणाला हाक मारायला बरं वाटेल?" मग वॉर्डातले मामा, मुलगा, जो कुणी असेल, तो ठरवून टाकायचा. बायकांच्या बाबतीतही तेच. मावशी कितीही कामात असल्या तरी त्यांना हे माहीत हवं.

उपासाचं विसरू नको. चतुर्थी, एकादशी, नवरात्र. आजी नाश्ता बाजूला सारतात, पण इन्सुलिन घेतात, आणि अकराला व्यायामाच्या हॉलमध्ये त्यांचे पाय गळतात. आदल्या संध्याकाळीच "उद्या उपास आहे का?" विचारलं, तर डॉक्टरांना डोसचं बघता येतं.

पलंगाभोवती एक फेरी

पाळी सुरू झाली की प्रत्येक पलंगापाशी एक मिनिट थांब आणि खालून वर बघ. पायात काय आहे? घसरणारी रबरी स्लीपर किंवा नुसते मोजे नकोत. मागं पट्टा असलेली, तळ खरखरीत असलेली चप्पल हवी. तळपायाला हात लावून बघ. आपल्याकडे घरची माणसं मायेनं रात्री तळपायांना तेल चोळतात. तो तेलकट पाय फरशीवर टेकला की संपलं. माया थांबवू नको. तेल लावून झाल्यावर तळपाय साबणाच्या पाण्यानं पुसायला शिकव. लुंगी, परकर, गाऊन घोट्याच्या वर हवा. फरशी नुकतीच पुसलीय का? नातेवाइकाची चटई उतरण्याच्या बाजूला आहे का? मोबाइल चार्जरची वायर आडवी आलीय का? पलंग इतका खाली हवा, की काठावर बसल्यावर दोन्ही पावलं सपाट टेकतील. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडलेल्या आहेत ना?

कठडे वर केले म्हणजे काम झालं असं समजू नको. ज्याला उतरायचंच आहे तो कठड्यावरून चढून उतरतो, आणि मग जास्त उंचीवरून पडतो. बांधून ठेवणं हा तर उपायच नव्हे. बांधलेला माणूस घाबरतो, झटापट करतो, आणि महिनाभर कमावलेली ताकद गमावतो.

पाय कापलेल्यांची रात्र वेगळी असते. गेलेला पाय त्यांना अजून जाणवतो, खाजतो, दुखतो. अर्धवट झोपेत ते दोन्ही पाय आहेत असं समजून उतरतात आणि नसलेल्या पायावर भार टाकतात. अशाच एका तरुणासाठी त्याच्या आईनं एक उपाय केला होता: तो ज्या बाजूनं उतरायचा तिथं ती रात्री कुबड्या आडव्या ठेवायची, म्हणजे हात लागला की त्याला आठवायचं. नंतर आम्ही कुबड्या आडव्या न ठेवता पलंगाला टेकवून, हाताशी ठेवायला लागलो. आठवण तीच, अडखळण्याची भीती नाही.

बरं होतोय? मग पुन्हा बघ

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. भरतीच्या दिवशी पेशंट फारसा हलत नाही, म्हणून पडत नाही. पूर्ण सुधारलेलाही सहसा सावरतो. मधले दिवस खरे धोक्याचे, जेव्हा अंगात उठण्याइतकी ताकद आलेली असते पण सावरण्याइतकी आलेली नसते. पहिल्या धड्यातले ते काका त्याच दिवसांत पडले. पहिल्यांदा उभा राहिला, वॉकर मिळाला, वॉकरची काठी झाली, खोली बदलली, औषध बदललं, कॅथेटर निघाला, सोबतचा नातेवाईक बदलला, ताप आला किंवा आज जरा बरळतोय असं वाटलं, तर फॉर्म नव्यानं भर आणि खालची ओळ नव्यानं लिही. घरी जाण्याआधी घरचा संडास भारतीय आहे का, मोरीला उंबरा किती, रात्री दिवा कुठं, हे विचारून घे. ओळीतलं ठिकाण आता घर असणार आहे.

पडलाच तर

घाईनं उचलू नको. आधी तिथंच बोल, शुद्ध बघ, डोकं, मान, खुबा तपास. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुबा मोडल्याचं धरून चाल आणि हलवू नको. बीपी, नाडी, शुगर घे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल, तर पेशंट हसत बोलत असला तरी डॉक्टरांना लगेच बोलव, आणि पुढचे तास शुद्ध व डोळ्यांच्या बाहुल्या तपासत राहा. लुळा हात धरून कधीच ओढू नको, खांदा निखळतो.

मग विचार, "कुठं निघाला होता?" आणि जे ऐकशील तसंच्या तसं लिही. घसरून हळूच खाली बसला, तू धरून खाली टेकवलास, तरी ते पडणंच आहे, त्याची नोंद कर. पुढं तू इन्चार्ज होशील तेव्हा "कुणाच्या ड्युटीत?" हा प्रश्न पहिला विचारू नको. ज्या वॉर्डात तो पहिला विचारतात, तिथं पडणं लपवलं जातं, आणि लपवलेल्या पडण्यातून कुणी काही शिकत नाही.

शेवटचं. एकदा पडलेला पेशंट घाबरून पलंगाला चिकटतो, आणि पडू नये म्हणून आपणही त्याला झोपवून ठेवायला लागतो. तसं करू नको. तो इथं चालायला आलाय. धोका ओळखायचा तो त्याचं चालणं सुरक्षित करण्यासाठी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्याला हात देऊन पुन्हा उभं कर.

परवा तुझी पहिली रात्रपाळी आहे ना? पहाटे चारची फेरी चुकवू नको. घंटेची वाट न बघता प्रत्येक पलंगापाशी जा आणि हळू आवाजात विचार, "काका, जायचंय का?"